वैजूला कोणत्या शाळेत घालायचं?

चौसाळा,
दि. ९ मार्च २०२५

ती. ताईस,
वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. तुझ्या कानातल्या यंत्रापर्यंत पोचायचं म्हणजे मला इतकं ओरडावं लागतं, की शेजारच्या गिरणीत दळणाला आलेल्या बायकाही आपल्या घरच्या गोष्टी ऐकून जातात. आणि हे मोबाईलवर लिहायची सोय नाही. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर एकीचा मेसेज पाच मिनिटांत अध्यक्षांच्या हातात असतो.

काल शाळेत महिला दिन झाला. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव भाषणाला उभे राहिले. शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं. म्हणाले की बाकीचे मास्तर लोक आपली लेकरं लातूरला, बीडला धाडतेत, पण आपल्या वनमाला मॅडम तशा न्हाईत, त्यांची लेक यंदा आठवीला आपल्याच कन्या शाळेत येणार हाय. मग टाळ्या. मला पुढं बोलावून नारळ दिला. ताई, मला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. तरी मी उठले, नमस्कार केला, नारळही घेतला. घरी आल्यापासून स्वतःचाच राग येतो आहे.

वैजूची सातवी संपते आहे. तिची शाळा सातवीपर्यंतच, म्हणजे यंदा बदलावी लागणारच. मी या संस्थेत नऊ वर्षं विज्ञान शिकवते. माझ्या जागेच्या सरकारी मान्यतेचा प्रस्ताव जूनमध्ये जायचा आहे आणि त्यावर सही सुंदररावांची. ह्यांचं पंप आणि पाइपांचं दुकान त्यांच्याच गाळ्यात. सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्यावर ते केवढं आहे ते दिसतं.

एक काम कर. अंबाजोगाईच्या अलीकडे टेकडीवर ती खासगी शाळा आहे ना, मुलंमुली एकत्र असलेली, निम्मी तिथंच राहतात आणि निम्मी रोज जाऊन-येऊन करतात, ती बघून ये. तू सदतीस वर्षं शाळेत काढलीस, तुझ्या डोळ्यांना जे दिसेल ते माहितीपत्रकात छापलेलं नसेल. इथं कुणाला कळू देऊ नकोस.

तुझ्या मायेवर कायम हक्क सांगणारी,
वनमाला


परळी वैजनाथ,
दि. १५ मार्च २०२५

चि. सौ. वनमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नारळ फोडून चटणी कर, त्याचा त्यात काय दोष? बाकी तू लहानपणीही अशीच होतीस. नको असलेला लाडूही देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून खायचीस, आणि मग पोट धरून माझ्याकडे यायचीस.

शाळा बघायला जाते. पण जाण्याआधी एक विचारते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात सुंदररावांचं भाषण आहे, गाळा आहे, मान्यता आहे. तुमच्या कन्या शाळेत वैजूला का घालायचं नाही, हे कुठंच नाही. नऊ वर्षं तू जिथं शिकवतेस तिथं स्वतःची मुलगी नको म्हणतेस, त्याला कारण असेल. शिकवणं वाईट आहे म्हणशील तर विज्ञान तूच शिकवतेस! कारण कळव.

दुसरी गोष्ट. त्या शाळेची बस परळीत स्टेशनवरून सकाळी सातला निघते. वैजू माझ्याकडे राहिली तर तिला वसतिगृहाची गरजच नाही. तुझे भावजी गेल्यापासून या घरात तीन खोल्या आणि मी एकटी. वीजकेंद्राच्या राखेची धूळ तेवढी आहे, पण तिची आता आम्हाला सवय झाली. विचार कर. तुझे सासरे राधाकिशनराव पोरं-पोरी एकत्र म्हटल्यावर काठी आपटणार, ते मी इथून ऐकू शकते, यंत्र न लावता.

पत्र टाकायला आळस करू नये, एवढीच थोरलीची अपेक्षा.

तुझी,
सत्यशीला


चौसाळा,
दि. २० मार्च २०२५

ती. सत्यशीलाताई यांना,
अंगदचा सा. न. वि. वि.

ताई, मी कधी पत्र लिहिणारा माणूस नाही, तरी आज लिहायची वेळ आली. काल सुंदरराव साहेबांचा मुलगा बंकट दुकानात आला. पाइप बघितले, चहा घेतला, आणि जाताना विचारलं की तुमच्या परळीच्या मेहुणीबाई टेकडीच्या शाळेत कावून गेलत्या? तुम्ही मंगळवारी गेलात आणि बुधवारी त्याला ठाऊक. वनमालाने मला काही सांगितलेलं नव्हतं. बंकटच्या तोंडून कळलं, त्याचं वाईट वाटलं.

मी त्या शाळेच्या विरोधात नाही. वैजू हुशार आहे, मला काय समजत नाही? पण ह्या गाळ्यावर मी चौदा वर्षं बसलो आहे. वनमालाच्या मान्यतेचे कागद जूनला जाणार. आमचे आबा तर बोलूनच मोकळे झाले की तेरा वर्षांची पोर पोरांच्या शाळेत लई धोक्याचं हाय. एक वर्ष दम धरला तर काय बिघडतं? नववीला बघू. तुमच्या शब्दाला वनमाला किंमत देते, म्हणून हात जोडून सांगतो, तिला जरा थांबवा.

रागावू नका. धाकट्यावर कृपा ठेवा.

आपला,
अंगद


परळी वैजनाथ,
दि. २४ मार्च २०२५

चि. सौ. वनमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगदरावांचं पत्र आलं. नवऱ्यापासून लपवून मला धाडलंस हे चुकलं. ते तू निस्तर. मी शाळेचं सांगते.

मुख्याध्यापकांनी मला आधी संगणकाची खोली दाखवली. मी म्हटलं की ती राहू द्या, मुलींची न्हाणीघरं दाखवा. दाराला आतून कडी आहे, पाणी आहे, दिवा लागतो. स्वयंपाकघरात भाजी झाकलेली होती. मुलींच्या इमारतीत दोन बाई मुलींच्याच मजल्यावर राहतात, आणि दाराशी कायम एक जण असते. मुलांची इमारत मैदानाच्या पार पलीकडे. वर्गात मात्र एकत्र. आठवीच्या वर्गात एक मुलगी फळ्यावर गणित सोडवत होती, एक मुलगा तिची चूक दाखवत होता, आणि ती त्याला सरळ सांगत होती की चूक तुझीच आहे. ती बरोबर होती. ते मला आवडलं.

न आवडलेलंही सांगते. इंग्रजीचा तोरा फार. विज्ञानाचे शिक्षक दोन वर्षांत तिसरे. दवाखाना लांब, गाडी मात्र कायम उभी असते. एका कोपऱ्यात एक लहान मुलगी रडत बसलेली दिसली; चौकशी केली तर घरची आठवण, दुसरं काही नाही. तिच्याजवळ बसायला एक बाई होत्या.

प्रवेश परीक्षा १३ एप्रिलला आहे. फॉर्म सोबत पाठवते. भरायचा की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. दोघं, म्हणजे दोघं.

आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
सत्यशीला


चौसाळा,
दि. ३१ मार्च २०२५

ती. ताईस,
वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

काल पाडवा होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर कालच माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं, आता लिहिल्यावाचून सुटका नाही.

आमच्या वसतिगृहात एक्केचाळीस मुली आहेत. बहुतेकींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. पट्टा पडून, म्हणजे उसाचं गाळप संपून, कारखाने बंद झाले तशा टोळ्या परतू लागल्या आहेत, पण काल एकोणीस मुलींना न्यायला कुणी आलं नव्हतं. सणाला त्या तशाच राहणार म्हणून मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन बाराच्या सुमारास गेले. वसतिगृहाच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. आत मुली दाराशी गोळा झालेल्या. गृहपाल बाई सकाळीच कुलूप लावून नेकनूरला माहेरी गेलेल्या, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. पाण्याच्या मोटारीचं बटण बाहेरच्या खोलीत, म्हणून टाकी संपलेली. आठवीतली शिवकन्या तापानं फणफणलेली, वारा लागावा म्हणून दारालगत फरशीवर निजलेली. मी जाळीतून हात घालून तिच्या कपाळाला लावला तर चटका बसला.

मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले की सणासुदीला बोभाटा करू नका, बाई संध्याकाळी येतीलच. मग शिपाई मुंजाजीला मोटारसायकलवर नेकनूरला पिटाळलं. बाई घरी नव्हत्या, देवळात गेलेल्या. किल्ली यायला साडेतीन वाजले. साडेतीन तास मी जाळीतून तांब्यानं पाणी देत होते आणि पोळ्या चतकोर करून आत सरकवत होते. शिवकन्येला दवाखान्यात नेलं. ती आता बरी आहे.

ताई, आता खरं उत्तर. हे मला नवीन नव्हतं. दिवाळीपासून मला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी, बाजाराच्या दिवशी बाई बाहेरून कुलूप लावून जातात. मी एकदा मुख्याध्यापकांना बोलले होते. ते म्हणाले की पालकांनाच तसं हवं आहे, पोरी सुरक्षित राहतात. मी मान हलवली आणि तासावर गेले. जून जवळ येत होता ना!

म्हणून वैजूला तिथं घालायचं नाही. वैजू शाळा सुटली की घरी येईल, वसतिगृहात राहणार नाही, हे खरं. पण रोज त्या दारावरून तिला घेऊन जायचं कसं?

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी फॉर्मवर सही केली.

तुझ्या मनातून उतरले नसेन अशी आशा धरणारी,
वनमाला


परळी वैजनाथ,
दि. ५ एप्रिल २०२५

चि. सौ. वनमालास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं.

वैजूसाठी तू शाळा शोधलीस. मला धाडलंस, न्हाणीघराच्या कड्या बघायला लावल्यास. चांगलं केलंस. पण त्या एकोणीस जणींसाठी शाळा कुणी निवडली? त्यांच्या आईबापांना वाटलं की वनमाला मॅडम आहेत तिथं, शिकलेली बाई आहे, लक्ष ठेवील. त्यांच्याकडे परळीची बहीण नाही.

त्या आवारात आग लागली असती तर? हे मी लिहू नये, पण लिहिते. शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी दे. पालक परत येत आहेत, त्यांना सांग. वैजूला टेकडीवर पोचवून तू पुन्हा मान खाली घालून तासावर जाणार असशील, तर मग टेकडीची शाळाही तिला काही शिकवू शकणार नाही.

कठोर लिहिलं. बदलणार नाही.

तुझी,
सत्यशीला


चौसाळा,
दि. १५ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न.

परवा वैजूने परीक्षा दिली. पेपर बरा गेला म्हणते.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पेन्शन सुरू झाल्यावर खुर्चीत बसून धीट होणं सोपं असतं, ताई. तुझी जागा पहिल्या दिवसापासून मान्यतेची होती. तुझं घर कुणाच्या गाळ्यावर चालत नव्हतं. आग लागली असती तर, असं तू सहज लिहिलंस. पाडव्यापासून ते मला रोज दिसतं आहे, तू लिहायची गरज नव्हती.

आणि खरं सांग, तुला त्या मुलींची काळजी आहे की वैजू तुझ्या तीन खोल्यांत यावी याची घाई? पहिल्याच पत्रात बसची वेळ लिहिलीस.

काही दिवस पत्र टाकू नकोस.

वनमाला


चौसाळा,
दि. २० एप्रिल २०२५

ती. मावशीस,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

मावशी, मी पास झाले! टेकडीच्या शाळेचा निकाल पप्पांच्या मोबाईलवर आला. दीडशे जणांत माझा अकरावा नंबर आहे. पण घरात पेढे आणले नाहीत. आईने तुला रागाने पत्र लिहिलं हे मला माहीत आहे, कारण पोस्टात मीच टाकलं आणि ते टाकताना तिचा चेहरा तसा होता.

काल सुंदरराव साहेब आमच्या घरी आले होते. मी पाणी दिलं आणि आतल्या दाराशी उभी राहिले. ते अजिबात ओरडले नाहीत. गोड बोलत होते, त्यामुळे जास्त भीती वाटली. आईने शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज दिला आहे, त्याची प्रत त्यांच्या खिशात होती. मावशी, आईने अर्ज दिला हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते म्हणाले की मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर हाय, त्या गृहपाल बाईला काढलं, आता तुमीच गृहपाल व्हा, मान्यतेचे कागदही आठ दिवसांत धाडतो. फक्त एक करा, तुमची लेक त्याच वसतिगृहात ठेवा. लोकांना भरवसा वाटला पाहिजे. अर्ज मागं घ्या, म्हणजे मिटलं.

ते गेल्यावर आबा म्हणाले की सोन्यासारखं झालं, पोरींचीच शाळा, आईच्या नजरेखाली. आई पिठाचा डबा उघडून नुसती उभी राहिली.

मला कुणी विचारलं नाही, म्हणून तुला सांगते. मला टेकडीवर जायचं आहे. आणि मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस, मला तिथं वसतिगृहातच राहायचं आहे. तुझ्याकडे आवडतं, पण तिथं संध्याकाळी मुलं-मुली दोघांनाही खो-खो शिकवतात आणि दुर्बीण आहे. पण मी गेले तर शिवकन्या आणि त्यांचं काय होईल? मी राहिले तर आई तिथं असेल आणि त्या सुरक्षित राहतील. मग मी राहायला पाहिजे का? शिवकन्या माझी मैत्रीण आहे. उत्तर आईच्या नावाने पाठव, पण त्यात मलाही लिही.

तुझी लाडकी (आहे ना अजून?),
वैजू


परळी वैजनाथ,
दि. २४ एप्रिल २०२५

चि. सौ. वनमाला आणि चि. वैजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वैजू, आधी तुला. अकरावा नंबर म्हणजे मोठी गोष्ट, पेढे मी पाठवते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. तेरा वर्षांच्या मुलीने कुणाचा जामीन राहायचं नसतं. मोठ्यांनी बिघडवलेलं मोठ्यांनी दुरुस्त करायचं. तू खो-खो खेळ.

वनमाला, तू विचारलंस त्याचं उत्तर देते. घाई होती. पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी मधल्या खोलीत वैजूसाठी खाट आणून टाकली. शाळा बघायला गेले तेव्हा वसतिगृहात खोट सापडावी असं मनातून वाटत होतं, आणि सापडली नाही म्हणून मी थोडी हिरमुसले होते. हे आता कागदावर आलं, बरं झालं. मुलीला तिथंच राहायचं आहे तर राहू दे. जवळचा पालक म्हणून माझं नाव लाव, दर पंधरा दिवसांनी जाऊन बघीन.

पण मुलींची काळजी खोटी नव्हती. अर्ज दिलास हे वैजूकडून कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून देवापुढे साखर ठेवली. तुला पेन्शनवाली बाई धीट वाटली. खरं तर नोकरीत असताना मी असा एकही अर्ज दिलेला नाही. तू दिलास.

सुंदररावांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीनं बांधल्या आहेत. दोरी सोड. गृहपाल व्हायचं तर हो. वैजू त्यांची जाहिरात नाही. आणि जे बोलायचं ते घरात बोलू नकोस, सगळ्यांसमोर बोल. घरात दिलेला शब्द त्यांना हवा तसा वळवता येतो.

थोरलीचा राग धरायचा तेवढा धर, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझी,
सत्यशीला


चौसाळा,
दि. ४ मे २०२५

ती. ताईंना,
अंगदचा शि. सा. न. वि. वि.

ताई, १ मेला काय झालं ते वनमाला स्वतः लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

झेंडावंदन झालं, निकाल वाटले. वसतिगृहाच्या मुलींना सुट्टीला न्यायला सगळे पालक आलेले, टोळ्या परतल्यामुळे मांडव भरलेला. सुंदरराव साहेबांनी माईकवर सांगून टाकलं की वनमाला मॅडम नव्या गृहपाल, आणि त्यांची लेक त्याच वसतिगृहात राहणार. वनमालाशी त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. पुन्हा त्यांनी तोच नारळाचा डाव टाकला.

ती उठली. मला वाटलं नमस्कार करील. तिने माईक मागितला. म्हणाली की गृहपालाचं काम मी करते, मुलगी मात्र ठेवणार नाही. बंकट मागून ओरडला की दुसऱ्याच्या पोरींना चालतं तर तुमच्या पोरीला का न्हाई? ती म्हणाली की तेच सांगायला उठले, हे कुणाच्याच पोरीला चालण्यासारखं नाही. आणि पाडव्याचं सगळं सांगितलं. कुलूप, पाणी, शिवकन्येचा ताप. एवढ्यावर थांबली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण पुढं म्हणाली की मला दिवाळीपासून माहीत होतं आणि मी गप्प बसले.

ताई, तेव्हा लोक तिच्यावरच उसळले. एक बाई उठून रडत म्हणाली की आमी तिकडं कोयता चालवतो ते तुमच्या भरवशावर, अन् तुमी सहा महिने गप? वनमालाने मान खाली घातली नाही. हो म्हणाली. खरं सांगतो, मी जागेवरून उठलो तो तिला हाताला धरून खाली बसवायला. जवळ गेलो, तर ती त्या रडणाऱ्या बाईकडेच बघत उभी होती, मागं सरकली नव्हती. मग मी तिच्या शेजारी उभा राहिलो. मला भाषण येत नाही. एवढंच बोललो की मलाही पाडव्यापासून ठाऊक होतं, मीही बोललो नाही, गाळ्यापायी. गाळा आजच घ्या.

शिवकन्येचा बाप उत्तरेश्वर पुढं आला. त्यानं साहेबांना शांतपणे विचारलं की किल्ली कुठं हाय? साहेबांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी खिसे चाचपले. तो म्हणाला की मग बाहेरची कडीच नको. ती निघाल्याबिगर आन् ह्याच मॅडम तिथं राहिल्याबिगर जूनला एकबी पोर येणार न्हाई. पोरी आल्या नाहीत तर वसतिगृह बंद, हे साहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या दुकानाशेजारचा इसाक वेल्डर मांडवातच होता. त्याने जाऊन मशीन आणलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेरची कडी कापली. साहेब हसत म्हणाले की मीच सांगणार होतो. पण चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी गाळा खाली करण्याची नोटीस आली. मी सही करून घेतली. तुम्हाला वनमालाला थांबवा असं लिहिलं होतं, ते फाडून टाका.

आपल्या आशीर्वादाची गरज असलेला,
अंगद


चौसाळा,
दि. १७ जून २०२५

ती. ताईस,
वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी वैजूला टेकडीवर पोचवलं. तू फाटकाशी भेटलीस म्हणून निभावलं. तू गेल्यावर आबांनी काय केलं ते ऐक. मुख्याध्यापकांना विचारून ते मुलींच्या इमारतीपासून मुलांच्या इमारतीपर्यंत काठी टेकत चालत गेले आणि तसेच परत आले. घाम पुसून म्हणाले की बरंच लांब हाय. मग वैजूला जवळ घेऊन सांगितलं की कुण्या पोरानं वाकडं बोललं तर रडत बसायचं न्हाई, उलटं बोलायचं. ती म्हणाली की ते मला येतं, आबा. परतीच्या वाटेवर ते गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मान्यतेचा प्रस्ताव गेला, त्यात माझं नाव नाही. मुख्याध्यापकांनी काल डोळ्यांत न बघता सांगितलं. मला वाटलं होतं मी कोसळेन. प्रयोगशाळेत जाऊन थोडा वेळ बसले, मग नववीचा तास घेतला. ह्यांनी इसाकभाईंच्या शेडमध्ये अर्ध्या जागेत पाइप लावले आहेत. इसाकभाईंच्या आई अजमतबी ह्यांना रोज दुपारी आग्रहानं जेवू घालतात. आबांना आता स्वतःचा चहा करावा लागतो. काल पहिल्याच दिवशी मीठ घातलं.

मी काल वसतिगृहात राहायला आले. एक्केचाळीसपैकी चौतीस मुली परत आल्या. सात आल्या नाहीत. त्यातल्या दोघींची लग्नं मे महिन्यात लागली असं कानावर आलं, मी उद्यापासून त्यांच्या गावी चौकशीला जाणार आहे. कुलपाबद्दल मी वेळेत बोलले असते तर त्यांच्या आईबापांचा शाळेवरचा भरवसा उडाला नसता का, हे मला ठाऊक नाही. मला ते कुणी सांगूही शकणार नाही.

काल संध्याकाळी जेवणं झाल्यावर शिवकन्येनं मला सगळ्यांसमोर विचारलं की मॅडम, तुमी आमच्यासंग राहता, मग वैजूला तिकडं कावून ठेवलं? चौतीस जणींच्या माना माझ्याकडे वळल्या. पटकन सांगण्यासारखं पुष्कळ होतं, तिथं दुर्बीण आहे, तिचा नंबर लागला, असं काहीतरी. पण मी खरं सांगितलं. शाळा निवडायची वेळ आली तेव्हा ही जागा चांगली नाही हे मला माहीत होतं, आणि मी फक्त माझ्या मुलीचा विचार केला, तुमचा केला नाही.

ताई, सुंदररावांपुढं मला एवढी भीती वाटली नव्हती. मग शिवकन्येनं आपलं ताट उचललं, माझंही उचललं, आणि विचारलं की उद्या सकाळी आमाला किती वाजता उठवणार?

साडेपाच सांगितलं. त्यावरून मोठी कुरकुर झाली, शेवटी सहावर तडजोड झाली.

आता उठायला हवं, पाच चाळीस झाले आहेत. या महिन्यात वैजूला भेटायला जाशील तशी एखाद्या रविवारी इकडेही ये, चौतीस जणी आहेत, तुझ्या डोळ्यांनी एकदा सगळं तपास. माया जशी आहे तशीच राहू दे; कमी झाली तर मी भांडायला परळीला येईन.

तुझी,
वनमाला